प्रेमानंदचं थांबणं

प्रेमानंद रामटेके म्हणजे थांबणारा माणूस. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत तो मोठाल्या मोटरींचे ड्राईव्ह सांभाळतो. मोटरीनं किती जोरात फिरायचं ते ठरवणारी ही लोखंडी कपाटं. आत तळहाताएवढे काळे स्विच, आयजीबीटी म्हणतात त्यांना. डोळ्याला कळणारही नाही इतक्या झपाट्यानं ते वीज चालू-बंद करतात. पण त्यांच्या जोडीला कपॅसिटर असतात. मेन पाडला तरी त्यांच्या पोटात वीज शिल्लक राहते, आणि ती माणसाला सोडत नाही. म्हणून ती आपोआप उतरेपर्यंत प्रेमानंद कपाटाची किल्ली खिशात घालून दारापुढे स्टूल टाकून बसतो. मॅनेजर येऊन नाचला तरी उठत नाही!

हीच युक्ती त्यानं घरीही लावली, बरं का. बायको, भावना, चिडली की हा अंगणात जाऊन बसायचा. ती निवली की आत येऊन चहा मागायचा. संसार झकास चालला होता, खोटं कशाला बोलू.

लेकीच्या बाबतीत मात्र गाडं अडलं. लग्न होऊन जरीपटक्याला राहणाऱ्या मेघानं सदर भागात ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. उद्घाटनाला बुद्धवंदना झाली, दाराला रिबीन बांधली, कात्री बाबांच्या हाती द्यायची तर बाबा गायब! गिरणीत स्विच उडाला होता. पाहुणे ताटकळले. शेवटी मेघानं रिबीन कापलीच नाही, गाठ सोडली आणि दुकान सुरू केलं. तेव्हापासून ती बापाशी बोलेना.

"अजी, जाऊन या नं तिच्याकडे," भावना म्हणायची.

"थांब वं. उतरू दे तिचा राग."

दिवाळी गेली, थंडी गेली. हा रोज विचारायचा, "पोरीचा फोन आला होता का? बरी आहे नं?" जीव तुटत होता बिचाऱ्याचा. पण पाय काही उचलेना.

मग परवा गिरणीत पुन्हा स्विच गेला. मेन पाडून प्रेमानंद नेहमीसारखा बसला, वेळ झाल्यावर उठला आणि तपासायला मीटर लावला. काटा खाली यायलाच तयार नाही!

"एवढं थांबलो तरी काहून गा?" जोडीदार अंकुश म्हणाला.

"वीज जिरवणारा रेझिस्टरच जळला. हे आता बसून नाही उतरत. जवळ जाऊन उतरवा लागते."

 जमिनीला तार जोडलेल्या लांब काठीनं त्यानं ती वीज उतरवली, स्विच बदलला, आणि पाळी सुटल्यावर मोटरसायकल घराऐवजी सदरकडे घेतली.

मेघानं मशीन थांबवली नाही. "काहून आले?"

"तुझा राग पाहाले."

मग काय, सुटलीच ती! लोकांसमोर कशी मान खाली गेली, सासूनं काय विचारलं, सगळं काढलं. प्रेमानंद हात खाली सोडून ऐकत राहिला. बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

"बाबा, मी तं दुसऱ्याच दिवसापासून तुमची वाट पाहून राहिली होती."

"मले वाटलं, आपोआप उतरन," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

मेघानं खणातून गुंडाळलेली रिबीन काढली आणि दाराला बांधली. आत माप द्यायला आलेल्या मावशी ओरडल्या, "अवं, मले घरी जायचं आहे!"

"थांबा जी, मावशी," मेघा म्हणाली.

मेघानं दिलेली कात्री बापानं हातात घेतली तोच खिशात फोन वाजला. गिरणीचाच. प्रेमानंदनं तो वाजू दिला आणि रिबीन कापली.