माझ्यामागं पुसलेली दांडी

मी दांडी सोडली आन् आप्पांच्या सूनबाईनं पर्समधनं सॅनिटायझर काढलं. माझा हात जिथं लागला व्हता तिथं फवारलं, फडक्यानं पुसलं. मग सासऱ्याला म्हणाली, "आता धरा."

माझ्या आधी यवतचा एक दुकानदार तीच दांडी धरून चालला. त्याच्यामागं कुणी पुसली न्हाई.

हे दौंडच्या फिजिओथेरपी सेंटरातलं. कांदा काढताना वावरातच मला लकवा मारला. डावी बाजू गेली. पुढं उभी ऱ्हायला लागले, पर तोल ऱ्हाईना. म्हणून लेक मला गाडीवर तिथं न्यायची. दोन स्टीलच्या दांड्या. मधी उभं ऱ्हायचं, अधू पायावर भार टाकायचा, मग हळूच हात सोडायचा.

आप्पा आमच्याच गावचे. बागायतदार, सोसायटीचे संचालक. त्यांनाबी लकवाच. लाळ माझी गळायची, त्यांचीबी गळायची.

ह्याच आप्पांची आई अंथरुणाला खिळली तवा तिचं हागणं-मुतणं मी काढलं. ती मरंस्तवर. तवा ह्या हातांचा कुणाला इटाळ झाला न्हाई. घाण उचलायला माझे हात चालत्यात. दांडी धरायला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या मॅडमनं मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाल्या, मावशी, तुम्ही आजपासून मागच्या खोलीत करा, भिंतीला धरून.

मागची खोली म्हंजी फिनेल, बादल्या, ओला पोछा. भिंतीला धरायला काय हाय? फरशीवर पाय सरकला. तोंड पोछ्यावर आपटलं, घाण पाणी ओठात गेलं. पल्याड मॅडम आप्पांना शाब्बास म्हणत व्हत्या.

लेक पळत आली. म्हणाली, आई, आपण शिरूरला जाऊ, तिथं दुसरं सेंटर हाय. मी म्हणलं, मला म्होरल्या खोलीत ने.

आप्पा खुर्चीत दम खात व्हते. मी दांडी धरली. मॅडम आडव्या आल्या, मी हलले न्हाई. सूनबाईनं बाटली काढली. माझी जीभ जड, शब्द तुटत व्हते. तरी बोलले.

"आप्पा, तुमच्या आईला मी ह्याच हातांनी धुतलं. दांडी पुसाल. तिला कशी पुसणार?"

सून आप्पांना घिऊन निघून गेली. मॅडम म्हणाल्या, मावशी, येळ बदला. मी बदलली न्हाई.

आता आप्पांचा व्यायाम बंगल्यावर व्हतो. गेल्या आठवड्यात त्यांचा ड्रायव्हर दारात आला. आप्पांचं अंथरूण बदलायला, धुवायला-पुसायला बाई पायजे, तुमच्या लेकीला धाडा म्हणाला.

त्याला उंबऱ्यातनंच सांगितलं, "माझी लेक येणार न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई. ज्याची घाण त्याच्या घरच्यांनी काढावी."

गावात म्हणत्यात, बाई माजली. म्हणू द्या. माझा तोल अजून जातो. पडीन तर म्होरल्या खोलीत, सगळ्यांच्या देखत पडीन. पर ह्यांच्या घाणीत माझ्या घरचा हात पुन्हा बुडणार न्हाई.