एक वाचक, जानेफळ

माझे वडील संपादक होते, हे मी सासरी कधी मिरवलं नाही. मेहकरातलं चार पानी साप्ताहिक, दर गुरुवारी निघायचं. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. पण त्या चार पानांचा तालुक्यात दरारा होता, बरं का! महाराष्ट्र नुकताच झालेला. रस्ता, शाळा, दवाखाना, ज्याला जे पाहिजे ते तो बाबांच्या पेपरात शोधायचा. आणि बाबांचा लाडका विषय म्हणजे मुलींचं शिक्षण. वर्षातून दोन-तीनदा तरी त्यावर अग्रलेख ठरलेला. त्यातली वाक्यं मला तोंडपाठ होती, कारण प्रुफं मीच वाचायचे.

म्हणून मॅट्रिक झाल्यावर मी बेधडक म्हटलं, "बाबा, मले अकोल्याले कॉलेजात जायचं हाये."

बाबा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. "पाहू," म्हणाले. आई भाकरी थापत होती. तिनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मला तिचा असा राग आला! एक शब्द बोलायला काय झालं होतं हिला? फॉर्म भरायला दहा-बारा दिवस उरले होते आणि आमच्या घरात कोणी तोंड उघडायला तयार नाही.

त्या आठवड्यात 'वाचकांची पत्रे' या सदराचं प्रूफ माझ्यापुढं आलं. प्रूफ वाचताना मूळ हस्तलिखित शेजारी लागतं. मी ते मागितलं तर खिळे जुळवणारे आमचे काका या सदराला नेहमी म्हणायचे तेच म्हणाले, "पडलं कुठी तरी. तशीच वाच बाई." मी वाचलं. पत्रात लिहिलं होतं: वयात आलेल्या मुली अकोल्यास एकट्या धाडून पालक गावापुढे कोणता आदर्श ठेवीत आहेत? जे पेपरातून इतरांस उपदेश करतात, त्यांनी आधी आपल्या घराकडे पाहावे. खाली सही, 'एक वाचक, जानेफळ'. तरी मी त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. सवयच होती.

गुरुवारी बाबांनी छापलेला अंक माझ्यापुढं ठेवला. "पाह्य, लोक काय लिहून राह्यले. आता मी तुले पाठवलं त माह्या पेपरवर थुंकतीन लोक. मी एकटा काय करू?" मला त्यांची दया आली हो! मीच म्हटलं, "जाऊ द्या बाबा. नाई जात मी."

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, सुलतानपूरला, शेतीवाल्या घरात. माणसं वाईट नव्हती. नवराही समजूतदार मिळाला, खोटं कशाला बोलू. पण चुलीपुढं बसले की डोक्यात अकोला यायचं, आणि अकोल्याच्या मागोमाग तो जानेफळवाला. त्याला मी इतक्या शिव्या दिल्या असतील की बिचाऱ्याला आयुष्यभर उचक्या लागल्या असत्या. नणंदेला जानेफळचं स्थळ आलं तर मी म्हटलं, त्या गावात पोरगी देऊ नका. सासूबाई म्हणाल्या, "त्या गावानं तुह्यं काय घोडं मारलं वं?" काय सांगणार?

मग आई गेली. तिच्यामागं दोन वर्षांनी बाबा गेले. तेरवी झाली आणि गावातल्या वाचनालयाची माणसं आली. बाबांचे कागद त्यांच्या नावानं वेगळ्या कपाटात ठेवू म्हणाले. धाकट्या भावाला केवढं अप्रूप! आम्ही दोघं सकाळपासून फडताळापुढं बसून कागद लावत होतो. जुने अंक, सभांची निमंत्रणं, मंत्र्यांची आभाराची पत्रं, सगळं व्यवस्थित. मग एक जाड फाइल निघाली, 'वाचकांची पत्रे'.

उघडली तर आत सगळे कच्चे खर्डे, आणि सगळे बाबांच्या अक्षरात. 'एक त्रस्त प्रवासी, हिवरा आश्रम.' 'एक शेतकरी, सुलतानपूर.' 'एक जागरूक नागरिक.' सगळे बाबाच! लोक पेपर वाचायचे, पण पत्र लिहायचे कष्ट कोण घेणार? म्हणून हा माणूस दर आठवड्याला बसून स्वतःला पत्रं लिहायचा. भाऊ आणि मी पोट धरून हसलो. हसता हसता मी पुढचा कागद उलटला.

'एक वाचक, जानेफळ.'

तेच पत्र. तेच अक्षर. 'उपदेश' हा शब्द खोडून आधी 'प्रवचन' लिहिलं होतं, मग पुन्हा 'उपदेश'. निवांत बसून घासूनपुसून लिहिलं होतं माझ्या बापानं. अग्रलेख लिहिणाऱ्याला घरात नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून नाही म्हणायला त्यानं एक वाचक जन्माला घातला. मी कागद भावापुढं आपटला.

भावानं वाचलं. मग हळूच म्हणाला, "ताई, हे वाचनालयात नको देऊ. बाबाची इज्जत जाईन."

"अन् माह्यं गेलं त्याचं काय? यातलं एक चिटोरं इकडचं तिकडं झालं त याद राख!" माझा आवाज इतका चढला की भावजय आतून धावत आली.

त्या खर्ड्यामागं टाचणीनं पाच-सहा पोस्टकार्डं लावली होती. ही मात्र खरी होती. वेगवेगळी अक्षरं, गावोगावचे शिक्के. त्या पत्राला उत्तरं आली होती! आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी बाबांच्या पेपरला आपणहून पत्रं लिहिली होती. जानेफळच्या एका भाजीवाल्या माळ्यानं लिहिलं होतं, "मी गावात घरोघर इचारलं. असं कोणीच नाई लिहिलं. आमच्या गावाचं नाव काऊन खराब करता? पोरी शिकू द्या." बाकीच्यांचंही म्हणणं तेच, शिकू द्या. प्रत्येक कार्डावर आडवी लाल शाई, 'छापू नये'.

लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील! लोकांनी तर जा म्हटलं होतं. आणि मी चुलीपुढं बसून निरपराध गावाला शिव्या देत होते.

शेवटच्या कार्डावर शिक्का मेहकरचाच होता. अक्षर मी हजारांत ओळखलं असतं. चौथी शिकलेलं, प्रत्येक ओळ खाली घसरत जाणारं. सुलतानपूरला दर महिन्याला मला त्याच अक्षरात खुशाली यायची.

"संपादक साहेबांस नमस्कार. मुलींना बाहेर धाडू नये असे तुमच्या पेपरात आले. माझी मुलगी मॅट्रिक झाली. फार हुशार आहे. तिचे वडील चांगले आहेत पण लोकांना भितात. मला त्यांच्यापुढे बोलता येत नाही. ते तुमचा पेपर मानतात. तुम्ही लिहा की तिला जाऊ द्या. एवढे करा. एक आई."

या कार्डावर 'छापू नये' नव्हतं. वर लाल शाईत मथळा दिला होता, 'एका आईची विनंती'. खाली 'पान दोन' लिहिलं होतं. मग दोन्हींवर काट मारलेली होती.

भाऊ विचारत होता, "ताई, काय झालं? कोणाचं हाये?" मी कार्ड त्याच्या हातात दिलं आणि आईसाठी मोठ्यानं रडले. तेरवीपर्यंत बाबांसाठी रडले होते, तशी नाही.