खारट उतारा

ती घटना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. द्रोणागिरीला आज जिथे गोदामं आहेत, तिथे तेव्हा मिठागरं होती. महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं आणि मी नवा फौजदार होतो.

एके दिवशी खाडीकाठच्या गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला. गावातली एक सून नाहीशी झाली होती. नवरा म्हणे, खाडीत बुडाली. पण तिन्हीसांजेला मिठाच्या पडक्या कोठीतून कण्हणं ऐकू येई. गावात आवई उठली, बाईची हडळ झाली.

"तिची सासू रोज बांधावर उतारा ठेवते, साहेब. त्या अंगाला कोनी फिरकत नाय," पाटील म्हणाला.

भुताटकी घेऊन ठाण्यात येणाऱ्यांचा मला भारी तिटकारा. मला खुनाचा संशय आला. नवऱ्याला बोलावून समोर बसवलं.

"मारायचास तिला?"

"नवरा हाय मी तिचा."

असा संताप आला! "मग मारून खाडीत टाकलीस?"

"नाय, साहेब! मारली, हां. पन ती पलाली. मंग बांधावर दिसली मना. पांढरीफटक!" त्याचे दात वाजत होते. खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. ही भीती खरी होती.

त्याला ठाण्यात बसवून ठेवलं आणि संध्याकाळी हवालदाराला घेऊन मी बांधावर गेलो. ओहोटी होती. वारा पडलेला, नुसता चिखल बुडबुडत होता. कोठीतून कण्हणं आलं. आम्ही थबकलो तसं तेही थांबलं. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. पायाशी पत्रावळीवर भात, अंडं, हळदकुंकू. उताराच तो.

"साहेब, ओलांडू नका," हवालदार पुटपुटला.

मला चीड आली ती स्वतःच्याच भीतीची. चिमूटभर भात उचलून तोंडात टाकला.

"अरे देवा! थुंका, साहेब, थुंका!"

भात खारट होता. भुताचा उतारा अळणी असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. भाताखाली तेल-हळदीत भिजवलेली चिंधी होती, दुखऱ्या अंगावर बांधतात तशी.

तसाच सासूच्या दारात गेलो. "म्हातारे, भुताला मीठ कधीपासून लागायला लागलं?"

तिने नजर चुकवली नाही. "जित्या मानसाला लागतं. माजा पोर मना आयकत नाय, पन हडलीला भितो. म्हनून हडल मीच उठवली."

कोठीपाशी येऊन सासूने हाक मारली तेव्हाच सून बाहेर आली. मनगट मोडलेलं, लुगड्यावर मिठाचा पांढरा थर. बाई सापडली की नवऱ्याच्या हवाली करायची आणि कागद मिटवायचा, अशी तेव्हा रीत. मी म्हटलं, गेली खड्ड्यात ती रीत! तिला होडीने दवाखान्यात नेलं, जबाब घेतला, गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवला आणि तिला तिच्या भावाकडे पोहोचवलं. कोर्टात म्हातारी पोटच्या पोराविरुद्ध उभी राहिली.

मार खाणाऱ्या बाईसाठी कोणी मध्ये पडत नाही, हडळीच्या वाटेला मात्र कोणी जात नाही. माणसांची ही तऱ्हा मला त्या प्रकरणाने शिकवली. तिने मदत मागायला ठाण्यात यावं म्हणून वाट बघत बसणारे आम्ही कोण मोठे लागून गेलो?

बदलीच्या आधी पुन्हा त्या गावात गेलो, तर बांधावर ताजा उतारा. म्हातारी तिथेच उभी होती. मी भात चाखला. खारट.

"दुसरी हाय," ती म्हणाली.

कोणाची कोण, ते विचारलं नाही. हवालदाराला होडी आणायला पाठवलं आणि कोठीकडे चालू लागलो.