साफ केलेला पालू

माशांची स्पर्धा ही गोष्ट मला कधी पटली नाही. मासा एक तर गावतो, नाही तर गावत नाही. त्यात शिट्टी वाजवून सुरुवात करण्यासारखं काय आहे? पण सौदीतल्या अल खफजीच्या कॅम्पात अकरा वर्षं काढल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो. शिवाय या वेळी भाईने विचारलं होतं.

भाई माझा खोलीतला जोडीदार. श्रीवर्धनकडचा, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. कंपनीच्या जेट्टीवर तो क्रेनला माल बांधून द्यायचा, मी स्टोअरमध्ये बसून त्याच मालाच्या याद्या करायचो. मी रत्नागिरीचा. दोघांच्या गावांमध्ये खाड्या किती आडव्या येतात ते सांगता येणार नाही, पण दोघांनाही लहानपणापासून खडकावर बसून गळाने मासे गरवायची सवय, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमचं जुळलं.

त्या वर्षी भाईची साठ वर्षं पूर्ण झाली आणि कंपनीने त्याला एक्झिट दिली. स्पर्धेनंतर बरोबर आठ दिवसांनी त्याचं विमान होतं. अर्ज भरताना तो म्हणाला, "बावीस वरसं झाली रे मला इथं. आता इकामा, ऱ्हायचा परवाना, परत घेतील. मग मी इथं होतो, हे कोन सांगनार? त्या पाटीवर तरी नाव येऊ दे."

पाटी म्हणजे कॅम्पातल्या क्लबच्या भिंतीवरचा लाकडी फळा. दर वर्षी जिंकणाऱ्या जोडीची दोन नावं त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवत. भाई आठ वेळा उतरला होता, दोनदा दुसरा आला होता. दुसऱ्याचं नाव पाटीवर जात नाही. त्याचा आधीचा जोडीदार बदली होऊन रियाधला गेला, म्हणून यंदा मी.

ही स्पर्धा एका इंग्रज इंजिनियरने सुरू केली होती. त्याच्या देशात म्हणे लोक कालव्याच्या काठी दिवसभर बसतात, मासे पकडतात, तोलतात आणि परत पाण्यात सोडून देतात. इथेही त्याने तोच नियम लावायचा प्रयत्न केला होता. पण पकडलेला मासा परत सोडायचा, हे ऐकून केरळवाले, बंगाली, फिलिपिनो आणि आम्ही सगळे आयुष्यात पहिल्यांदा एका मताचे झालो. शेवटी तडजोड झाली. मासा पाण्यातून निघाला तसाच, अख्खा, तोलायला आणायचा. त्यानंतर सोडा, खा, काय हवं ते करा. हा नियम अर्जाच्या मागच्या बाजूला छापलेला होता. मी तो वाचला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी वाचला नव्हता असं सांगायचा मोह मला पुष्कळ वेळा झाला.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. वाळवंटात थंडी नसते असं गावाकडे सगळ्यांना वाटतं. उत्तरेकडून शमाल सुटला की इथला समुद्र शिशासारखा दिसतो आणि जाकिटाच्या बाह्यांतून वारा आत शिरतो. सकाळी सातला शिट्टी झाली तेव्हा मी दोन बनियन, स्वेटर आणि वर कंपनीचं जाकीट घालून कुडकुडत होतो. भाई साध्या शर्टावर मफलर गुंडाळून बसला होता. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या होत्या. आम्हाला दगडी बांधाचं टोक मिळालं, म्हणजे वारा सगळ्यांत जास्त तिथेच.

पहिले तीन तास काही म्हणजे काही नाही. दोन शिंगाळे लागले, पण ते मोजत नाहीत. बोटं इतकी आखडली होती की गळाला कोळंबी लावताना गळ मलाच दोनदा टोचला. भाई रीळवर कधी विश्वास ठेवायचा नाही. काठी हातात असली तरी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बोटांतून सोडायचा आणि बोटांनीच ऐकायचा.

साडेदहाच्या सुमाराला त्याचं बोट हललं. मग पुढची पंधरा-वीस मिनिटं मी फक्त बघत होतो. तो ओढायचा, सोडायचा, खाली वाकायचा, परत सोडायचा. एकदा मी "ओढा की आता" म्हटलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. शेवटी मी जाळं खाली घातलं आणि मासा वर आला. पालू. इथले लोक सुबेटी म्हणतात. चार किलोच्या आसपास, रुपेरी, जाड मानेचा. बांधावरच्या बाकीच्या जोड्यांतले एकेक जण काठी सोडून बघायला आले. त्यांचे चेहरे पडलेले पाहून मला आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही. भाईने मासा बादलीत ठेवला, त्यावर ओला गोणपाट टाकला आणि दोन्ही हात काखेत घालून बसला. हसला नाही, पण त्याचा पाय हलत होता.

साडेअकराच्या सुमाराला जुहरची, दुपारच्या नमाजाची, अजान झाली. काठ्या सोडून दोघांनी एकदम उठायचं नाही असा नियम होता, म्हणून तो आधी गेला. जाताना म्हणाला, "मी आलो की तू जा."

आता माझी अक्कल कुठे गेली होती ते मलाही नीट सांगता येत नाही. आमच्याकडे गरवायला गेलेला माणूस मासा साफ करूनच घरी आणतो. खडकावरच खवलं काढायची, पोट फोडायचं, कल्ले काढायचे, समुद्राच्या पाण्यात धुवायचा. न साफ केलेला मासा बायकांच्या पुढ्यात टाकणं म्हणजे फुकटचा तोरा. माझ्या वडिलांनी मला हे आठ-नऊ वर्षांचा असताना शिकवलं. गारठ्यात नुसतं बसून मला कंटाळा आला होता. संध्याकाळी खोलीत भाईसाठी निरोपाचं जेवण होतं आणि हा मासा त्याच्याच पानात पडणार होता. मला वाटलं, तेवढंच एक काम कमी. सुरी समोर होती. मी पालू बादलीतून काढला, दगडावर ठेवला आणि अगदी मन लावून साफ केला. आतडी पाण्यावर फेकली, सीगल तुटून पडले. मासा धुऊन, गोणपाटात गुंडाळून परत बादलीत ठेवला. कामगिरी चोख झाली होती. मी खूष होतो.

भाई आला, त्याने गोणपाट उचलला.

मग म्हणाला, "हे कुनी केलं?"

त्या प्रश्नासरशी मला अर्जाची मागची बाजू आठवली.

बाराला शेवटची शिट्टी झाली. तरीही आम्ही मासा घेऊन गेलो. इंग्रजाने तो तराजूवर ठेवला. रिकाम्या पोटाचा तो पालू पहिल्या आलेल्या जोडीच्या सगळ्या माशांपेक्षा जड भरला. इंग्रजाला वाईट वाटलं असावं, कारण त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. पण नियम त्याचाच होता. "सॉरी," तो म्हणाला आणि आमच्या नावांवर रेघ मारली. मी हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करून सांगत होतो की चूक माझी आहे, याची नाही, मासा याने पकडलाय. जोडी म्हणजे जोडी, तो म्हणाला.

भाई बोलला तो बांधावर परत आल्यावर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तुला कुनी सांगितलं होतं? आं? कुनी सांगितलं होतं तुला?" अकरा वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी बाकीच्यांनी पालू चाटूनपुसून खाल्ला. भाईने डाळभात घेतला.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "ऊठ, ट्रंक बांधायला हात लाव." दम्माम विमानतळाच्या बसमध्ये चढताना गळ्यात पडला. मी माफी मागितली. "जाऊ दे रे," तो म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात क्लबचं नूतनीकरण झालं. भिंतीवर मोठा टीव्ही आला. जुनं सामान भंगारात काढायची यादी माझ्याच टेबलावर आली: खुर्च्या चौदा, पंखे तीन, लाकडी पाटी एक. मी स्टोअरमागे जाऊन पाहिलं तेव्हा ट्रक गेला होता. आता जिंकणाऱ्यांचा फोटो आठवडाभर टीव्हीवर फिरतो आणि जातो.

भाई दर नोव्हेंबरला फोन करतो. नातवंडं, गुडघे, बोटीच्या डिझेलचा भाव, सगळं झालं की विचारतो, यंदा पाटीवर कोण लागलं? मी नावं सांगतो. पाटीच उरली नाही हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझी चूक एकदम हलकी होईल, म्हणून तोंडापर्यंत येतं. पण मग त्याचं काय उरेल? ज्याच्यासाठी तो बावीस वर्षांच्या शेवटी तसा ओरडला, ते भंगारात गेलं, हे त्याला कशाला?

गेल्या खेपेला त्याने नवीनच विचारलं. म्हणाला, "जागा हाय का रे अजून पाटीवर? का भरली?"

"आहे भाई," मी म्हटलं. "खाली दोन नावं आरामात बसतील."