खाणीतली ज्वालामाई

धोंडुबाईला माणसांची किळस आली ती एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. त्याआधी तिला नुसत्या घाणीची किळस यायची, आणि शाळेच्या शिपायाला तेवढी घाण पुरते.

खांब नावाच्या नाक्यापासून आत, हमरस्ता सोडून दोन मैलांवर तिचं गाव. नवरा जनू गावच्या शाळेत शिपाई होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी धोंडुबाई लागली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. गुटख्याच्या पिचकाऱ्या पुसणं, मुताऱ्यांत फिनेल ओतणं, गटारात टाकलेला आंबलेला भात उपसणं, सगळं तिनं नाक मुरडत, तोंडानं शिव्या घालत, पण चोख केलं. शिक्षण चौथी. पण तिचं स्टूल नववीच्या दाराबाहेर होतं, आणि आतून जे ऐकू यायचं ते तिच्या डोक्यात पक्कं बसायचं.

त्यातला एक धडा म्हणजे तिचा जीव की प्राण. ज्वालामुखीचा. काळुराम मरवडे सर तो दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन दिवस शिकवायचे, आणि ते तीन दिवस हेडमास्तरांनी हाक मारली तरी धोंडुबाईला ऐकू यायची नाही. सरांनी पेणच्या एका मूर्तिकाराकडून प्लास्टरचा ज्वालामुखी करवून आणला होता. तो कपाटातून काढून, पुसून, टेबलावर नेऊन ठेवायचं काम तिनं कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

सर म्हणायचे, "ज्वालामुखी म्हटला की तुम्हाला असला टोकदार डोंगर दिसतो. पण तो एक प्रकार झाला. शिलारस घट्ट असला की वर येता येता तोंडातच अडकतो, खाली वायू कोंडतो आणि एक दिवस झाकण उडतं. राख, दगड, लाव्हा एकावर एक बसून असा उंच डोंगर होतो. शिलारस पातळ असला की तो मुकाट्यानं वाहतो, लांब पसरतो, आणि डोंगर होतो बसका, पालथ्या ढालीसारखा. आणि तिसरा प्रकार आपला. त्याला धड तोंडच नाही. जमिनीला मैलोनमैल भेगा पडल्या, रस वर आला, थिजला, पुन्हा आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी! खिडकीतून बघा."

खिडकीतून दगडाची खाण दिसायची. डोंगराच्या कापलेल्या अंगावर काळ्या दगडाचे थरावर थर. "आपण ज्वालामुखीवरच बसलोय," सर म्हणायचे. "पण मेलेल्या."

धोंडुबाईनं ते आपल्या परीनं लावून घेतलं होतं. पीठ पातळ असलं की घावन तव्याच्या कडेपर्यंत जातं, घट्ट असलं की मधेच गोळा होऊन बसतं. आणि शिटीत डाळ अडकली की कुकर काय करतो, हे तिच्या स्वयंपाकघराच्या छपरानं एकदा सोसलेलं होतं.

मग सर आवाज उतरवून विचारायचे, "माणसं कशानं मरतात?" पोरं ओरडायची, "लाव्ह्यानं!" "चूक. लाव्ह्यापुढून बहुतेक वेळा चालत निघून जाता येतं. मारतो तो तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट, मोटारीपेक्षा जोरात डोंगर उतरतो. राखेत पाऊस मिसळला की चिखलाचा लोंढा गावं गिळतो. राखेच्या ओझ्यानं छपरं बसतात. शिलारसाला पाणी भेटलं की वाफेचा भडका उडतो. आणि सगळ्यात हलकट मरण वायूचं. आफ्रिकेत एका तळ्यातून वायू निघाला, हवेपेक्षा जड, दरीत उतरला आणि बसला. सतराशेच्या वर माणसं, हजारो गुरं, जिथल्या तिथं." इथं सर थांबायचे. धोंडुबाईच्या अंगावर दर वर्षी त्याच जागी काटा यायचा.

तर जानेवारीत, शेतात वालाला शेंगा धरल्या होत्या तेव्हा, बायजाबाईला त्या खाणीतून धूर निघताना दिसला. बायजाबाई ही गावातली सत्तरीची म्हातारी. तिला सकाळी जे दिसतं ते दुपारपर्यंत गावभर होतं. खाण पाच वर्षं बंद होती. हमरस्त्यासाठी खडी काढून झाली, ठेकेदार गेला, मागं उरला चाळीस फुटांचा खड्डा आणि त्यात उतरायची डंपरची वाट. तळाशी पांढरा धूर निघत होता आणि वास असा की नाकातले केस जळावेत. दहिवर जास्त पडलं की धूरही जास्त.

दुपारी लोक म्हणाले ज्वालामुखी. संध्याकाळपर्यंत त्याची ज्वालामाई झाली.

आठवड्याभरात तिथं काय काय झालं ते सांगायलाही तोंड धुवावं लागेल. नारळांच्या करवंट्या, फुटलेली अंडी, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, त्यांवर माश्यांचं मोहोळ. अष्टमी गावाहून एक जण वडापावची गाडी घेऊन आला, त्याचे तेलकट कागद वेगळे. खड्ड्यात कावळे मरून पडले होते, आणि बापये गडी त्यांना काठीनं उलटंपालटं करत व्हिडिओ काढत होते. धोंडुबाई नाकाला पदर लावून वाटेनं अर्धी खाली उतरली आणि तिला तो मातीखालून डोकावणारा निळा रंग दिसला. पिंपं. वीस-पंचवीस तरी, काही चेपलेली, काही फुटलेली, त्यांतून पिवळट लगदा गळत होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेला ज्वालामुखी निळ्या पिंपातून धूर सोडत नाही, एवढं नववीतलं ढ पोरगंही सांगेल.

घरी तिचा मुलगा आदेश शिफ्टवरून येऊन जेवायला बसला होता. धाटावकडच्या एका रसायनांच्या कंपनीत तो कामाला. आईच्या लुगड्याचा वास त्याला आला आणि घास हातातच राहिला.

"हा वास कुठून आणलास?"

"ज्वालामाईच्या पायाशी गेलेले. निळी पिंपं हायत तिथं."

आदेश उठून दार लावून आला. "आमच्यात असल्या मालावर पाटी असते, पाणी टाकू नये म्हणून. पाणी लागलं की आम्लाचा धूर सोडतो तो. छातीत गेला की माणूस आतून भाजतो. कोणीतरी डंपरनं आणून वतलंय."

"मग चल पंचायतीत. सांग."

"मी नाय. कोणाचा माल हाय ते मला ठाऊक नाय, आणि मी तोंड उघडलं तर कुठलीच कंपनी मला दारात उभी करायची नाय." एवढं बोलून तो पुन्हा ताटावर बसला आणि कालवण भातात कालवू लागला. भुरके मारत जेवणाऱ्या पोटच्या पोराकडे धोंडुबाईला बघवेना. ती उठून मागच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी बायजाबाईनं हुकूम सोडला. माई तापलीय, तिला थंड करायची. मंगळवारी गावातल्या सवाष्णींनी एकशे एक कळश्या पाणी घालायचं. पहिली कळशी धोंडुबाईच्या सुनेची, वैशालीची. ही वैशाली दोन दिवस खाणीत दिवा लावायला जात होती आणि दोन दिवस कुत्र्यासारखी खोकत होती.

"वैशाले, मरशील गो. पाणी घातलंस तर तो धूर तुझ्या छातीत जाईल."

"आई, पहिला मान मिळालाय मला," वैशाली खोकत म्हणाली. "तुमचं आपलं कायतरीच. यांना विचारा हवं तर." आदेश मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

उरले सर. धोंडुबाई शिक्षकांच्या खोलीत गेली. मरवडे सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "धोंडुबाई, तो ज्वालामुखी नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग सांगा की लोकांना!"

"लोकांच्या भावना आहेत. उद्या मला माईकवर माहिती सांगायला बोलावलंय. शाल देणार आहेत. अशा वेळी बरं दिसत नाही ते."

ज्या माणसाचं बोलणं तिनं अठ्ठावीस वर्षं दाराबाहेर बसून प्यायलं, तो माणूस शालीसाठी मिंधा झाला होता. धोंडुबाईनं त्याच्यापुढचा उष्टा चहाचा कप उचलला, मोरीत नेऊन घासला, आणि तरी हाताला काहीतरी चिकटल्यासारखं तिला दिवसभर वाटत राहिलं.

मंगळवारी सकाळी ताशे वाजत होते. खाणीच्या काठावर मांडवात सर शाल पांघरून उभे, एका हातात माईक, दुसऱ्या हातानं रुमाल नाकावर घट्ट दाबलेला. "बंधुभगिनींनो, पृथ्वीच्या पोटात अफाट शक्ती आहे," असं ते रुमालातून सांगत होते. खाली तळाशी मानाचा कोंबडा खुंटीला बांधून ठेवला होता. डंपरच्या वाटेवर बायकांची रांग, पोरं कडेवर, आणि सगळ्यांच्या पुढं नव्या साडीत वैशाली.

धोंडुबाई रांगेच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "कोणी खाली जाऊ नका! ती देवी नाय, कंपनीची घाण हाय. पाणी घालाल तर मराल!"

"अगो धोंडे," बायजाबाई म्हणाली, "तू घंटा मारायची शिपाईण. देवाधर्मातलं तुला काय कळतं? हो बाजूला."

बायका हसल्या. धोंडुबाईनं वर बघितलं. "सर, तुम्ही सांगा!" सरांनी रुमाल जरा जास्त दाबला आणि नजर ताशेवाल्यांकडे वळवली. तीच ती मंगळवारची दहाची वेळ. तो रुमाल बघून तिला जी शिसारी आली ती मुतारीतल्या कुठल्याच घाणीनं कधी आली नव्हती. स्वतःचं नाक झाकून हा माणूस बायकापोरांना खड्ड्यात पाठवत होता.

वैशालीनं पाऊल उचललं.

अंगात येणाऱ्या बायकांची धोंडुबाईनं जन्मभर टिंगल केली होती. त्या क्षणी तिनं अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि घशाच्या तळातून अशी किंकाळी फोडली की ताशे थांबले. ती घुमायला लागली.

"आली गो, माई आली!"

"पाणी नको मला!" धोंडुबाई गरजली. "मला पाणी भेटलं तर मी भडकेन! मी हवेपेक्षा जड हाय, मी खोलगटात बसते! माझ्याजवळ उतरू नका, उंचावर पळा! वाऱ्याकडं तोंड करून पळा! तोंडाला ओला पदर बांधा! आफ्रिकेत सतराशे माणसं घेतली मी, जिथल्या तिथं!"

आफ्रिका कुठं आहे हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. पण जी गोष्ट साध्या शब्दांत सांगून कोणी हललं नव्हतं, ती केस सोडून सांगितल्यावर शंभर बायका पोरं उचलून वर धावल्या. वैशालीच्या हातातली कळशी सुटली, वाटेवरून ठणठणत खाली गेली आणि पिंपांवर उलटी झाली. फस्स करून पांढराशुभ्र लोट उठला, तळभर पसरला आणि तिथंच बसून राहिला. कोंबड्यानं दोनदा पंख झाडले. तिसऱ्यांदा झाडले नाहीत.

काठावरून सगळ्या बायका वाकून कोंबड्याकडे बघत होत्या. धोंडुबाईला वाटलं, आता कळलं. तेवढ्यात बायजाबाईनं हात जोडले. "माईनं मान घेतला गो!"

धोंडुबाई रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकली. माई अंग सोडतेय असं सगळ्यांना वाटलं, आणि एकीनं पुढं होऊन त्या ओकारीवरही हळदकुंकू वाहिलं.

पुढं व्हायचं तेच झालं. माईनं पाणी नको सांगितलं म्हणून कोणी पाणी घातलं नाही. खड्ड्यावर माती लोटून चौथरा बांधला, पिंपं खाली तशीच. माल कोणाचा हे कोणी विचारलं नाही, आणि आदेश निर्धास्त कामावर जाऊ लागला. वैशालीचा खोकला गेला, एवढं एक पदरात पडलं. पण तीही आता सासूला केर काढू देत नव्हती आणि रोज पाया पडत होती. दर मंगळवारी दारात रांग. कोणाला मूल हवं, कोणाला सुनेचं वाटोळं हवं. धोंडुबाई शिव्या घालायची. बायका त्या प्रसादासारख्या घ्यायच्या.

अशाच एका मंगळवारी रांगेत मरवडे सर दिसले. अनवाणी, हातात नारळ. त्यांची बदली होणार होती, ती थांबवायची होती.

धोंडुबाईनं बाकीच्यांना बाहेर घालवलं आणि दार ओढून घेतलं. "सर, निदान तुम्ही तरी असलं करू नका. त्या दिवशी मी बोलले ते तुमचंच व्हतं. जड वायू, खोलगट जागा, सतराशे माणसं. नववीचा धडा. दाराबाहेर बसून पाठ झालेला. माझ्या अंगात काय आलं नव्हतं."

सरांनी हातातला नारळ खाली ठेवला. धोंडुबाईला क्षणभर आशा वाटली. मग सरांचे डोळे भरून आले, ते खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिचे पाय धरले.

"म्हणजे आई, इतकी वर्षं माझ्या तोंडून तूच बोलत होतीस!"

धोंडुबाईनं पाय आखडून घेतले. त्या दिवशी तिनं ते साबण लावून तीनदा धुतले.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर प्लास्टरचा ज्वालामुखी दुसऱ्या कोणीतरी कपाटातून काढला. नववीच्या वर्गात, बदली टळलेल्या सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. दाराबाहेर धोंडुबाई उठली, स्टूल उचललं आणि पार मुताऱ्यांच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. तिथं वास यायचा, पण आवाज पोचत नव्हता.