राजपुत्राच्या पाळण्याचं चित्र

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आमच्या ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि आता तर तेही नाहीत. तुम्हाला सांगते.

चारकोपला आमचं फ्रेमचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकानं जुनं विलायती चित्र फ्रेमला टाकलं ते परत नेलंच नाही, शेवटी घरी आलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. राजाला मूल झालंय. आभाळातून कीर्तीची देवी तुतारी फुंकतेय, समृद्धीची देवी शिंगातून फळं ओततेय, म्हातारा काळसुद्धा विळा खाली ठेवून पाळण्यात डोकावतोय. माझी शाळा सातवीपर्यंत, पण वाचनालयातून पुस्तकं आणून एकेक खूण मी लावली. तिकडे राजाला मुलगा झाला की अशी चित्रं निघायची म्हणे.

नातवाच्या, ओजसच्या बारशाला पाळण्यामागे मी तेच लावलं. आल्यागेल्याला समजावत बसले. सूनबाई म्हणाली, "आई, पोराला घुगऱ्या नकोत, डायरेक्ट गादीच द्या."

तीन वर्षांनी मुक्ता झाली. बारसं ठरलं तेव्हा सूनबाईनं आपणहून विचारलं, "आई, आपलं चित्र लावायचं ना?" आणि मी — कसं सांगू? — म्हटलं, वाळवी लागली गं, फेकून दिलं.

कुठली वाळवी? आदल्याच दिवशी मी ते जुन्या चादरीत बांधून पोटमाळ्यावर टाकलं होतं. दुसराही नातूच, असं मनाशी धरून बसले होते ना. मुलीला कशाला तुतारी — हे माझ्या मनात आलं. माझ्या. पाच बहिणींतली मी.

मुक्ता आता चित्रकला शिकते. बडबडी, अगदी माझ्या वळणावर. गेल्या महिन्यात भावाच्या बारशाच्या फोटोवरून तिनं ते अख्खं चित्र शाईनं काढलं, रेघ न् रेघ. "घे आजी, वाळवीच्या तोंडातून काढून आणलं." फोटोत एक कोपरा सूनबाईच्या पदराआड गेलेला. "इथं काय होतं गं? आठवतंय?"

आठवत होतं. डॉल्फिन होता — गादीच्या वारसाची खूण. ते सांगायचं म्हणजे पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं, नाही का? मी चष्मा पुसत बसले. म्हटलं, "नाही गं, विसरले."

"जाऊ दे," म्हणाली, आणि तिथं आमची मांजर काढली, शेपटी वर करून बसलेली. मी खूप हसले. ते भिंतीवर लावायला खिळा मीच ठोकला.

चादरीतलं अजून वरच आहे.