पंखा एकवर

बाबा गेले, आणि जाताना पंखा एकवर करून गेले. निदान आमच्या मामाचं तरी तसंच मत आहे.

बाबांच्या हयातीत डोंबिवलीच्या आमच्या घरातला पंखा कधी एकच्या पुढे गेला नाही. (मे महिन्यातसुद्धा! "वारं बाधतं," म्हणायचे.) ते गेल्यावर आईने फोटोपुढे तेलाचा दिवा लावला. तेरावं होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही, म्हणून पंखाच बंद! भेटायला येणारे रडतायत की घाम पुसतायत, कळेना. आई तर दिव्यावर नजर ठेवून रात्रंदिवस जागीच. मला तिची काळजी वाटायला लागली.

"आई, विजेचा दिवा लावूया. मी जोडते."

"तुला जमेल?"

"अगं, ठाण्याच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते मी!"

बाबांनी जपून ठेवलेला शंभरचा जुना पिवळा बल्ब काढला. मेन स्विच बंद केला, पंख्याकडे जाणारी वायर मध्येच कापली आणि तिथे बल्ब जोडला. डोळे रडून सुजलेले, पण ऐट केवढी! मेन चालू केला, पंख्याचं बटण दाबलं. बल्ब मिणमिणला आणि पंखा अगदी सावकाश, बाबांच्या वेगाने फिरू लागला.

मामाने रेग्युलेटर पाचवर नेला. उपयोग शून्य! त्याने बल्ब जरा पिळून बघितला, तर पंखाच थांबला.

"भाऊजी, चुकलो!" मामाने फोटोला हात जोडले.

मला मात्र दरदरून घाम फुटला. एकसर जोडणी! एकाच वाटेवर दोघं. विभवांतर वाटलं गेलं, दोघंही अर्धपोटी. मुलांनी हे केलं तर मी गुण कापते! समांतर जोडायला मी पक्कड उचलली.

"राहू दे गं," आई म्हणाली.

"आई, यात बाबाबिबा काही नाहीत. माझं कनेक्शन चुकलंय."

"माहितीये. त्यांनी तुला हे शिकवलेलं, तेव्हा मी पोळ्या लाटत ऐकलेलं. तेव्हाही तू उलटंच जोडायचीस." तिने वर बघितलं. "पण हा असाच फिरू दे."

भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. मी पक्कड हातात धरून रडत बसले.

तेरावं कधीच झालं. पंखा अजून तसाच आहे. शिकवणीला मुलं येतात, तेव्हा मी वर बोट दाखवून सांगते, "अशी जोडणी कधीही करायची नाही!" मुलं घाम पुसत लिहून घेतात.

"पण मॅडम, ही केली कोणी?"

"बाबांनी," मी म्हणते.